वर्गात लॅपटॉप उघडायची परवानगी: अर्ज, वाट पाहणं आणि नोट्सचं एक वर्ष

मनगट दुखतंय, लिहिता येत नाही, तर तासाला लॅपटॉप वापरू द्या. मागणी एवढीच होती. तिच्यासाठी किती कागद लागतात, ते कुणाकुणाच्या टेबलावरून जातात आणि परवानगी हातात आल्यावर खरी अडचण कुठे सुरू होते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझं पहिलं सत्र बरंच सोपं गेलं असतं. आता दोन्ही सत्रं संपली आहेत, निकाल लागलाय. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

बरीच वर्षं नोकरी केल्यानंतर मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येऊन बसले. वर्गातली मुलं माझ्याहून पुष्कळ लहान, मला ताई म्हणणारी. आमच्या विभागाचा नियम कडक होता: तास चालू असताना एकही स्क्रीन उघडी दिसता कामा नये. फोन, टॅबलेट, लॅपटॉप सगळं बॅगेत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मी पहिल्यापासून वहीवाली. डाव्या बाजूला समास, आकृतीला पेन्सिल, महत्त्वाच्या ओळीखाली दोन रेघा, असा सगळा जुना थाट.

जुलैच्या शेवटी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. आधी दुर्लक्ष केलं. मग पाण्याची बाटली उघडताना जीव जायला लागला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं आणि मी ओरडलेच. अंगठा हलवणाऱ्या स्नायूबंधांचं आवरण मनगटापाशी आवळलं जातं, तो हा विकार. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नावही त्याच्यावरूनच पडलं. अंगठा आणि मनगट दोन्ही जखडून ठेवणारा पट्टा मिळाला. पेन धरायला बंदी. टायपिंग चालेल, पण स्पेसबार डाव्या अंगठ्याने दाबायचा, असं डॉक्टर म्हणाले. क्षुल्लक वाटणारी ही सूचना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

आता अर्ज. विद्यार्थी सुविधा कक्षातून एक फॉर्म मिळाला. त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचं, मग प्रत्येक विषयाच्या शिक्षकांची सही, त्यानंतर विभागप्रमुखांची, आणि शेवटी सगळं एका समितीकडे. समिती पंधरवड्यातून एकदा बसते, हे खिडकीवर विचारल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: पुढची बैठक कधी आहे आणि तिच्याआधी कागद कधीपर्यंत पोचायला हवेत?

माझं पहिलं प्रमाणपत्र परत आलं. त्यावर आजाराचं नाव होतं आणि 'सहा आठवडे विश्रांती' असा सल्ला होता. खिडकीवरच्या बाईंनी फार शांतपणे समजावलं, "विश्रांती म्हणजे तुम्ही वर्गातच येऊ नका असा अर्थ होतो हो. काय करता येत नाही आणि त्याऐवजी काय करता येतं, ते लिहून आणा." म्हणजे प्रमाणपत्रावर आजारापेक्षा अडचण नोंदलेली हवी: सलग किती वेळ लिहिता येतं, टायपिंग चालतं का, ही स्थिती साधारण किती महिने राहील. डॉक्टरांनी दुसरं लिहून दिलं, पण त्यांची वेळ मिळेपर्यंत एक बैठक हुकली होती. एकूण जवळजवळ महिना गेला.

त्या महिन्यात वर्गात नुसती बसून होते. ध्वनिमुद्रणासाठीही वेगळी परवानगी लागते, तेव्हा तोही मार्ग बंद. शेजारची मैत्रीण रोज संध्याकाळी वहीचे फोटो पाठवायची. अक्षर सुरेख, मजकूर पूर्ण, तरी वाचताना मला काहीच आठवेना. मी त्या तासाला हजर होते यावर माझाच विश्वास बसेना. डी व्हेस्टा आणि ग्रे या संशोधकांनी १९७२ मध्येच नोट्सची दोन कामं वेगळी करून दाखवली होती: लिहिता लिहिता विषय मनात बसणं हे एक, आणि नंतर वाचायला काहीतरी हाताशी असणं हे दुसरं. मैत्रिणीच्या वहीने माझं दुसरं काम पूर्ण केलं होतं. पहिलं तिला माझ्यासाठी करता येणं शक्यच नव्हतं.

सह्यांसाठी फिरताना बहुतेक शिक्षकांनी पाच मिनिटांत सही केली. अर्थमितीचे, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासायला शिकवणाऱ्या विषयाचे, सर मात्र थांबले. म्हणाले, "सही करतो, पण आधी हे वाचून या." आणि त्यांनी दोन शोधनिबंधांच्या छापील प्रती हातात दिल्या. तेव्हा राग आला होता. हात दुखतोय आणि हे गृहपाठ देतायत!

पहिला निबंध पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा, २०१४ चा. वही विरुद्ध लॅपटॉप असा वाद निघाला की बहुतेक लोक ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो हाच. विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवली, काहींनी हाताने नोट्स काढल्या, काहींनी लॅपटॉपवर. पहिल्या प्रयोगात निव्वळ माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट साधारण सारखे आले, पण संकल्पना समजली का हे तपासणाऱ्या प्रश्नांत लॅपटॉपवाले मागे पडले. कारण असं दिलं होतं की टाइप करणारे बोललेलं जसंच्या तसं उतरवत जातात. तसं करू नका असं बजावून सांगितलं, तरी ती सवय सुटली नाही.

मी शनिवार-रविवार खर्ची घालून त्याच्यापुढचं शोधलं. २०१९ मध्ये मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, त्यात इलेक्ट्रॉनिक पाटीवर लिहिणारा एक गट आणि काहीच न लिहिणारा एक गट घातला. वहीची ठाम सरशी काही दिसली नाही. २०२१ मध्ये हेदर उरी आणि सहकाऱ्यांनी मूळ प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले आणि शब्दशः जास्त लिहिले, इथपर्यंत पूर्वीसारखंच. गुणांतला फरक मात्र सापडला नाही.

सोमवारी हे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बरं, पहिला निबंध मागे घेतो. दुसऱ्याचं काय?"

दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो साना, वेस्टन आणि सेपेडा यांचा, २०१३ चा. तासाला लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण घसरले, यात नवल नाही. पण ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात अशी स्क्रीन होती आणि जे स्वतः कागदावर लिहीत होते, त्यांचे गुणही बाकीच्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. सर म्हणाले, "तुम्ही ईमेल बघणार नाही हे मला माहीत आहे. पण मागच्या बाकावरच्याला तुमची स्क्रीन दिसणार, आणि तुम्ही नुसतं वर-खाली सरकवलंत तरी त्याचा डोळा तिकडे जाणार." मला हे पटलं. वही की लॅपटॉप या वादात सगळे स्वतःच्या स्मरणशक्तीविषयी बोलतात. मागच्याचं नुकसान कुणाच्या हिशेबात नसतं.

समितीत एका सदस्यांनी तिसरं उदाहरण काढलं: अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतला, अर्थशास्त्राच्याच प्रास्ताविक वर्गांवरचा प्रयोग, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्या वर्गांत संगणकाला परवानगी होती, तिथले अंतिम परीक्षेतले गुण बंदी असलेल्या वर्गांपेक्षा सरासरी ०.१८ प्रमाण विचलनाने कमी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप). वर्गांची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, असल्यामुळे हा निष्कर्ष सहज झटकता येत नाही. मी एवढंच म्हटलं की तो आकडा सगळ्या वर्गाला मुभा दिल्यावर काय होतं ते सांगतो, पेन धरता न येणाऱ्या एकीने काय करावं ते सांगत नाही. समितीतल्या कुणाला ते वावगं वाटलं नसावं. सप्टेंबरच्या मध्यावर पत्र आलं: एका सत्रापुरती परवानगी, शेवटची रांग, भिंतीकडची जागा, वाय-फाय बंद.

शेवटच्या रांगेत जायच्या आधी तिथे विजेचं सॉकेट आहे का ते पाहून घ्या. आमच्या एका खोलीत नव्हतं. कीबोर्डचा आवाज हीसुद्धा खरी तक्रार असते. तिसऱ्या-चौथ्या तासाला पुढच्या मुलाने मागे वळून पाहिलं, त्याच संध्याकाळी मी कीबोर्डवर सिलिकॉनचं आवरण बसवलं.

आणि मग तो काळ आला ज्यात मला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं वह्या भरल्या. नोकरीमुळे टायपिंगचा हात चांगला होता. शिकवणारा माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, हाताने वीस-पंचवीस लिहून होतात आणि कीबोर्डवर सहज त्याच्या दुप्पट. फार काही सुटत नव्हतं. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या एका तासाच्या नोट्स सात-आठ पानं भरायच्या. ऑक्टोबरमध्ये चाचणीसाठी त्या उघडल्या, तर समोर बैठकीचं इतिवृत्त. कोण काय म्हणालं ते सगळं होतं, मुद्दा कुठला होता ते शोधावं लागत होतं. वहीत हात मंद असल्यामुळे निवड आपोआप व्हायची. इथे ती ठरवून करावी लागणार होती.

मग मी काही बंधनं घालून घेतली. सर एखादी गोष्ट समजावत असतील तेव्हा हात मांडीवर. मुद्दा संपला की तीनच ओळी, स्वतःच्या शब्दांत. प्रत्येक भागाच्या डोक्यावर मथळ्याऐवजी प्रश्न: 'किंमत वाढली तरी मागणी का वाढते?' असा. हे शेवटचं मला कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांच्या जुन्या पद्धतीवरून सुचलं. त्यात पानाच्या डाव्या बाजूला एक पट्टी राखून नंतर तिथे प्रश्न किंवा खुणेचे शब्द लिहायचे असतात, म्हणजे उजवी बाजू झाकून स्वतःची परीक्षा घेता येते. लॅपटॉपवर दोन रकान्यांची तक्ता-चौकट करून तेच जमतं. त्याच संध्याकाळी वीस मिनिटं बसून अर्धा मजकूर उडवायचा. सुरुवातीला उडवताना हात थरथरायचा, कारण कधी काय लागेल सांगता येत नाही. ती भीती गेली तशा नोट्स सुधारल्या.

आकृत्यांनी मात्र पुरता छळ केला. अर्थशास्त्रात फळ्यावर दर दहा मिनिटांनी दोन वक्र येतात आणि त्यातला एक सरकतो. लॅपटॉपवर ते होत नाही, होईपर्यंत सर तिसऱ्या वक्रावर गेलेले असतात. शेवटी जाड मार्कर आणि सुटे कागद ठेवले. मोठी, ओबडधोबड आकृती, मनगट न वाकवता खांद्यातून हात फिरवत काढायची, वर 'आ. ३' असा क्रमांक घालायचा आणि टाइप केलेल्या मजकुरात तोच क्रमांक नोंदवायचा. समीकरणांसाठी स्वतःची लघुलिपी केली आणि घरी ती नीट उतरवली.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आमचे तास मराठी-इंग्रजी मिश्र. दर वाक्यात कीबोर्ड बदलत बसलं की ओघ तुटतो. मी संज्ञासुद्धा देवनागरीतच लिहायला लागले. पण त्यात एक गोम आहे: आज 'सीमांत', उद्या घाईत 'सिमांत' लिहिलं, तर शोधताना अर्ध्याच जागा सापडतात. लॅपटॉपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे शोध, आणि तोच असा निसटतो. पहिल्या पानावर संज्ञांची ठरलेली रूपं लिहून ठेवली आणि त्यांनाच चिकटून राहिले.

डिसेंबरची परीक्षा. वर्गातली परवानगी परीक्षेला लागू होत नाही. हे ठळक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असायला हवं, आमच्याकडे नव्हतं. परीक्षा विभागाचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी आणि ती परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. पर्याय तीन होते: लेखनिक, इंटरनेट नसलेला संगणक, किंवा जादा वेळ. लेखनिकाला आकृती शब्दांत सांगावी लागते, 'आता हा वक्र उजवीकडे सरकव' असं. ती कल्पना करूनच मी संगणक मागितला. आकृत्या पुरवणीवर, तोच मार्कर वापरून. परीक्षा बरी गेली.

जानेवारीपर्यंत मनगट बरंच सुधारलं होतं. थोडं थोडं लिहायला हरकत नाही, पेन जाड हवं आणि जोर नको, असं डॉक्टर म्हणाले. इथे टॅबलेट आला. परवानगीचं पत्र संपलेलं, म्हणून पुन्हा तोच फॉर्म. आणि जुन्या पत्रावर 'उपकरण: लॅपटॉप' असं असल्यामुळे हा निव्वळ मुदतवाढीचा अर्ज धरला गेला नाही, नवीन अर्ज झाला. पहिल्याच वेळी 'लॅपटॉप किंवा टॅबलेट' लिहा.

विकत घेण्याआधी ग्रंथालयातून एक टॅबलेट उसना घेऊन पाहिला, हे फार बरं केलं. खर्चाचा अंदाज टॅबलेटच्या किमतीवरून बांधू नये. पेन बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं, नोट्सच्या कित्येक ॲप्सना वार्षिक वर्गणी असते, आणि काच गुळगुळीत असल्यामुळे खरखरीत फिल्म लागते. गुळगुळीत काचेवर पेन घसरू नये म्हणून आपण ते नकळत घट्ट धरतो, म्हणजे माझ्या दुखण्यात नेमकं जे टाळायचं तेच. फिल्म लावल्यावर पकड सैल झाली, पण फिल्म पेनाचं टोक झिजवते, तेव्हा टोकांचा खर्च वाढला. पेनावर रबराची जाड नळी चढवली.

टॅबलेट बाकावर आडवा पडतो, त्यामुळे माझी जागा भिंतीकडून दुसऱ्या रांगेत आली. सरांचा चेहरा दिसणं आणि मधे उभी स्क्रीन नसणं, यात मोठा फरक आहे. आदल्या दिवशी मिळालेल्या स्लाइड पीडीएफमध्ये उघडून त्यांच्यावरच लिहिता येतं. वक्र चुकला तर मागे घेता येतो, उचलून बाजूला ठेवता येतो. पण बारीक लिहायला पान मोठं करावं लागतं आणि मग संपूर्ण पान एका वेळी दिसत नाही. वहीत एखादी गोष्ट 'उजव्या पानावर खाली, चौकटीत' अशी आठवते. टॅबलेटवर मला जागा आठवत नसे. रंग आणि पेनांचे प्रकार हे दुसरं प्रकरण. मथळे सजवण्यात तास कधी संपला कळत नाही असे दिवस येतात. मी दोन रंग ठेवले, बाकीचे काढून टाकले.

फेब्रुवारीत एका तासाला गेल्या महिन्याची वही उघडेचना. ॲपने जागा वाचवायला जुनी पानं क्लाउडवर हलवली होती आणि माझ्या परवानगीची अट वाय-फाय बंद. तेव्हापासून दर शनिवारी सगळं पीडीएफ करून, विषय आणि तारीख नावात घालून, दुसऱ्या जागी ठेवते. ॲपच्या स्वतःच्या स्वरूपात अडकलेल्या नोट्स ॲप बदललं की उपयोगाच्या राहत नाहीत.

मार्चपासून कागदावर लिहायचा सराव सुरू केला, कारण मे महिन्यातली परीक्षा मला कागदावर द्यायची होती. जेल पेन, एका वेळी दहा मिनिटं, मग विश्रांती. उजळणीसाठी प्रत्येक प्रकरणाच्या नोट्स बंद करून आठवेल ते एका कोऱ्या पानावर लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. हात आणि विषय दोन्ही एकदमच तयार होत गेले. परीक्षा विभागाने जादा वेळ दिला, मधल्या विश्रांतीसह. तो सगळा लागला.

दोन्ही सत्रांचे गुण जवळपास सारखे आले. यावरून साधनांविषयी काही सिद्ध होत नाही, विषय वेगळे होते, मनगट वेगळं होतं, आणि एका व्यक्तीच्या नमुन्यावर निष्कर्ष काढला तर अर्थमितीचे सर मला दारातच अडवतील. माझ्यापुरतं एवढं ठरलंय: अर्थमिती आणि सूक्ष्म अर्थशास्त्र वहीत, कारण तिथे आकृती आणि सिद्धता याच नोट्स असतात. स्लाइडवर शिकवणाऱ्यांच्या तासाला टॅबलेट. आर्थिक इतिहासाला लॅपटॉप, कारण तिथे नावं, सनावळ्या आणि संदर्भ इतके असतात की नंतर शोधता येणं हेच महत्त्वाचं.

बरोबरीची मुलं विचारतात, टॅबलेट घेऊ का? मी त्यांना आधी पंधरा दिवस कुणाचा तरी वापरून बघायला सांगते, आणि तासानंतरची वीस मिनिटं त्या पंधरा दिवसांत मिळतात का तेही बघायला सांगते. ती मिळत नसतील तर सध्याची वही बदलण्यात पैसे घालू नयेत.

नवीन सत्रासाठीचा अर्ज या वेळी जूनमध्येच दिला. सोबत डॉक्टरांचं ताजं प्रमाणपत्र, जुन्या दोन्ही पत्रांच्या प्रती आणि परीक्षा विभागाचा वेगळा फॉर्म. उपकरणाच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली आहेत. बैठक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे, असं खिडकीवर कळलं.